बॉम्बवर मांड

जनरल जॅक रिपर सिगार ओढत बसलेला असतो. कॅमेरा त्याच्या हनुवटीखाली, दातांत जाड सिगार, आणि चेहऱ्यावर स्वतःच्या मतांबद्दल तिळमात्र शंका नाही. नुकताच त्याने रशियावर अणुहल्ल्याचा हुकूम सोडलेला आहे, 34 बी-52 विमानं लक्ष्याकडे वळली आहेत आणि पृथ्वीची घटका भरत आली आहे. हा प्रसंग भारतात पडद्यावर दाखवायचा तर नियमानुसार खाली एक पट्टी लागते: धूम्रपान आरोग्यास हानिकारक आहे. चित्रपटगृहांना आणि टीव्हीला हा नियम आधीपासून होताच, सप्टेंबर 2023 पासून तो ओटीटीलाही लागू झाला. नियमात तंबाखूचा बारकाईने विचार केलेला आहे. हायड्रोजन बॉम्बच्या सेवनाबद्दल मात्र त्यात काही म्हटलेलं नाही.

स्टॅन्ली कुब्रिकचा 'डॉ. स्ट्रेंजलव्ह' 29 जानेवारी 1964 रोजी प्रदर्शित झाला, म्हणजे त्याची साठीशांत होऊन गेली. चित्रपट काळा-पांढरा, गाण्यांवर कोणी नाचत नाही, नायिका नाही, नायकही धड नाही आणि शेवटी बहुधा कोणीच उरत नाही. असा ऐवज आजच्या टीव्हीप्रेक्षकाला चालेल का, हा प्रश्न अधूनमधून निघतो. विचारणाऱ्याचं उत्तर बहुतेक वेळा आधीच ठरलेलं असतं: थोर कलाकृती आहे, तिला नमस्कार करावा, पण घरातली पोरं काही ती बघायची नाहीत. पोरं कदाचित खरंच बघणार नाहीत. पण चित्रपट म्हातारा झाला म्हणून नव्हे. त्यात जे अतिशयोक्त म्हणून लिहिलं होतं, ते त्यांनी मोबाईलवर बातमी म्हणून आधीच वाचलेलं आहे म्हणून.

गोष्ट थोडक्यात अशी. बर्पलसन हवाई तळाचा प्रमुख रिपर याची खात्री पटलेली आहे की, कम्युनिस्टांनी पिण्याच्या पाण्यात फ्लोराइड मिसळायला लावून अमेरिकी माणसाच्या अंगातले मौल्यवान द्रव नासवले आहेत. तेव्हा तो अध्यक्षांना न विचारता बॉम्बर धाडतो. त्यांना परत बोलावण्याचा तीन अक्षरी संकेत एकट्या त्यालाच ठाऊक. इकडे वॉर रूममध्ये सौम्य प्रकृतीचे अध्यक्ष मफ्ली, च्युइंगगम चघळणारा जनरल टर्जिडसन आणि चाकाच्या खुर्चीतला जर्मन शास्त्रज्ञ डॉ. स्ट्रेंजलव्ह बसलेले. या शास्त्रज्ञाचा उजवा हात अजूनही हिटलरच्याच चाकरीत आहे, मधूनच आपोआप सलामीला वर जातो. रशियाने तर हल्ला होताच आपसूक सगळं जग संपवणारं यंत्र बसवून ठेवलं आहे. असलं यंत्र धाक बसवण्यासाठी असतं, म्हणजे ते आहे हे शत्रूला कळायला हवं. रशियाने ते गुप्त ठेवलं, कारण घोषणा सोमवारी पक्षाच्या अधिवेशनात व्हायची होती आणि पंतप्रधानांना लोकांना चकित करायला आवडतं. पुढाऱ्याची तारीख मिळत नाही म्हणून उद्घाटनावाचून पडून राहिलेले पूल ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना हा विनोद उलगडून सांगावा लागत नाही.

ज्या प्रसंगावर आजचा प्रेक्षक सर्वांत आधी हसेल, तो म्हणजे मफ्ली आणि रशियन पंतप्रधान दिमित्री यांचं फोनवरचं बोलणं. पलीकडचा आवाज आपल्याला ऐकूच येत नाही. मफ्ली आधी दिमित्रीला संगीताचा आवाज कमी करायला सांगतात. मग आता नीट ऐकू येतंय, तुम्हालाही येतंय, छान, दोघांनाही छान वाटतंय, असं बराच वेळ चालतं. त्यानंतर, आमच्या एका जनरलने जरा वेडेपणा केला आहे, अशी हळूच प्रस्तावना. शेवटी दोघांत जास्त वाईट कोणाला वाटतंय यावर वाद. मफ्ली झालेल्या पीटर सेलर्सने यातलं बरंचसं ऐन वेळी सुचेल तसं केलं होतं. 1964 मध्ये तो निव्वळ विनोद होता, कारण ऑगस्ट 1963 मध्ये सुरू झालेली मॉस्को-वॉशिंग्टन हॉटलाइन हा मुळात फोन नव्हताच, ते टेलिप्रिंटर होतं. 2020 नंतर मात्र ज्याने घरून ऑफिसची एक जरी मीटिंग केली आहे, ज्याने 'सर, तुम्ही म्यूटवर आहात' हे वाक्य उच्चारलं आहे, त्याच्यासाठी हा प्रसंग निव्वळ वास्तववादी आहे.

चित्रपटात सेलर्सच्या तीन भूमिका: अध्यक्ष मफ्ली, रिपरच्या तावडीत सापडलेला ब्रिटिश अधिकारी मॅन्ड्रेक आणि खुद्द स्ट्रेंजलव्ह. मराठी प्रेक्षकाला याचं अप्रूप वाटू नये. 1962 पासून प्रभाकर पणशीकर फिरत्या रंगमंचावर 'तो मी नव्हेच' मध्ये पाच रूपं घेत होते, तेही रिटेकवाचून. (लखोबा लोखंडे तंबाखूचा व्यापारी, म्हणजे पट्टी तिथेही लागली असती.) सेलर्सला चौथी भूमिकाही करायची होती, बॉम्बरचा टेक्सासी कप्तान मेजर काँग याची. पण ती बोली जिभेवर बसेना, आणि वर घोटा दुखावला. मग रोडिओतला खरा घोडेस्वार स्लिम पिकन्स याला अमेरिकेहून इंग्लंडला बोलावलं. हा विनोदी चित्रपट आहे हे त्याला सांगितलंच नव्हतं, असं कुब्रिकच्या चरित्रात येतं. पिकन्स अत्यंत गंभीरपणे काम करतो आणि शेवटी बॉम्बवर मांड ठोकून, टोपी फिरवत, आरोळ्या देत रशियावर उतरतो. या चित्रपटाचं एकच दृश्य लोकांच्या डोक्यात राहिलं असेल तर ते हे.

हे सगळं आधी गंभीर व्हायचं होतं. पीटर जॉर्ज या ब्रिटिश हवाई दलात काम केलेल्या लेखकाची 'रेड अलर्ट' ही कादंबरी 1958 ची, तिच्यात हसण्यासारखं काही नाही. कुब्रिक पटकथा लिहायला बसला आणि त्याच्या लक्षात आलं की, प्रसंग गंभीर ठेवायचा तर त्यातल्या सर्वांत खऱ्या गोष्टीच गाळाव्या लागतात, कारण त्या वाचून हसू येतं. त्याने गाळायचं ते गांभीर्य गाळलं आणि टेरी सदर्न या विनोदी लेखकाला सोबत घेतलं. संशोधनात हर्मन कान या विचारवंताचा 'ऑन थर्मोन्यूक्लिअर वॉर' हा जाडजूड ग्रंथ होता. त्यात युद्धात किती कोटी माणसं मेली तर देश सावरायला किती वर्षं लागतील, याचा रीतसर तक्ता आहे. चित्रपटात कानची भाषा इतकी उतरली की त्याने कुब्रिककडे मानधनाचा विषय काढला, असं सांगतात. कुब्रिकने दिलं नाही.

आता टीव्हीचं.

पहिली अडचण जाहिरातींची. भारतात तासाला 12 मिनिटं जाहिरातींची मर्यादा आहे, म्हणजे 95 मिनिटांच्या चित्रपटात वीसेक मिनिटं साबण, विमा आणि मसाले. एरवी चालून जातं. पण इथे तीनच जागा आहेत: तळ, वॉर रूम आणि विमान. एकीकडून दुसरीकडे उडी मारत घड्याळ पुढे सरकतं, त्यातच सगळी गंमत आहे. काँगचं विमान मारा चुकवत जमिनीलगत उडत असताना मध्येच कोणी गृहिणी डाग गेल्याचा आनंद साजरा करू लागली, तर जगाचा शेवट सोसायटीच्या वार्षिक सभेइतका लांबतो.

दुसरी रंगाची. काळा-पांढरा पाहून रिमोटकडे हात जातो हे खरं. 'मुघल-ए-आझम'ला 2004 मध्ये रंग चढवून पुन्हा प्रदर्शित केलं, तसं याचंही कोणी करेल या कल्पनेने जाणकारांच्या पोटात गोळा येतो. गंमत अशी की वॉर रूमचं ते अवाढव्य गोल टेबल कुब्रिकने हिरव्या कापडाने मढवायला लावलं होतं. पडद्यावर तो हिरवा दिसणारच नव्हता. पण आपण जगाच्या नशिबाचा जुगार खेळायला बसलो आहोत असं नटांना वाटावं, हा हेतू. हा सेट उभारणारा केन अ‍ॅडम बाँडपटांचेही सेट करायचा, आणि दोन्हीकडे त्याची खोली पाहिली की माणसं किती क्षुद्र आहेत हे आपोआप कळतं.

तिसरी अडचण खरी. हसायचं केव्हा, हे हा चित्रपट सांगत नाही. आपल्या मालिकांत सासूने भुवई उचलली तरी तीन दिशांनी तीन वेळा कॅमेरा धावतो आणि ढोल वाजतो. त्या संस्कारात वाढलेल्या माणसाला टर्जिडसनचं निवेदन अवघड जातं. तो अध्यक्षांना सुचवतो की आता बॉम्बर निघालेच आहेत तर बाकीचेही पाठवू, आपली एक-दोन कोटी माणसं दगावतील, तेही जास्तीत जास्त. जॉर्ज सी. स्कॉट हे एखाद्या सेल्समनच्या उत्साहाने सांगतो. पार्श्वसंगीत नाही. कोणी डोळा मारत नाही. सोफ्यावरच्या माणसाला बिचाऱ्याला स्वतःचं स्वतः ठरवावं लागतं.

अमेरिकी टीव्हीने हा प्रश्न एकदा आपल्या पद्धतीने सोडवला होता. रॉबर्ट ऑल्टमनच्या 'मॅश' या 1970 च्या युद्धविडंबनावरून सीबीएसने 1972 मध्ये मालिका काढली. कोरियातल्या लष्करी इस्पितळाची गोष्ट. वाहिनीने हट्ट धरला की प्रेक्षकांच्या हसण्याचा आवाज टाकायचाच. निर्मात्यांनी बरीच घासाघीस करून एवढीच सवलत मिळवली की शस्त्रक्रियेच्या दृश्यांत कोणी हसणार नाही. ब्रिटनमध्ये बीबीसीने तो हशा काढूनच टाकला, आणि तिथल्या लोकांना तीच मालिका बऱ्यापैकी उदास वाटली. कोरियाचं युद्ध तीन वर्षं चाललं, मालिका अकरा. 28 फेब्रुवारी 1983 चा शेवटचा भाग अमेरिकेत दहा कोटींहून अधिक लोकांनी पाहिला. मूळ चित्रपट मात्र आज बघवत नाही, निदान काही ठिकाणी. परिचारिका हूलिहान आंघोळ करत असताना तंबूची कनात वर उचलून सगळ्या छावणीने मजा बघायची, हा त्यात विनोद आहे, आणि आपण बंडखोरांच्या बाजूने हसावं अशी अपेक्षा. पन्नास वर्षांत त्या हशाचा पार विरस झाला.

'स्ट्रेंजलव्ह'मध्येही या खात्यावर उधारी आहे. पूर्ण चित्रपटात एकच स्त्री, ट्रेसी रीड, टर्जिडसनची सेक्रेटरी. तीही बिकिनीत. विमानात काँग जे मासिक चाळतो त्यातलं मधल्या पानावरचं चित्रही तिचंच. आपल्या टीव्हीवर ते पान धूसर होणार हे सांगायला ज्योतिषी नको. 2023 मध्ये 'ओपनहायमर' भारतात आला तेव्हा अणुबॉम्ब जसाच्या तसा राहिला आणि फ्लोरेन्स प्यूला संगणकावर काळा पोशाख शिवून दिला गेला. पण न्याय करायचा तर कुब्रिकच्या चित्रपटात पुरुषांचं पौरुष हाच थट्टेचा विषय आहे, बाई नव्हे. रिपरला द्रवांची काळजी का लागली हे तो मॅन्ड्रेकला सांगतो तेव्हा मॅन्ड्रेकचा चेहरा पाहावा. जगाचा विनाश एका माणसाच्या शयनगृहातल्या शंकेतून निघतो. सेलर्सने चार वर्षांनी 'द पार्टी'त चेहरा काळवंडवून हृंडी बक्षी नावाचा भारतीय केला, ते आज कितीही हसवलं तरी खटकतं. इथे तसं काही नाही. इथे तो गोऱ्या साहेबांचंच सोंग काढतो.

आणि आता ती मोठी भानगड, म्हणजे वास्तव.

फ्लोराइडपासून सुरुवात करू. पाण्यातलं फ्लोराइड हा कम्युनिस्टांचा कट आहे असं मानणारे लोक 1950 च्या दशकात अमेरिकेत खरोखर होते, कुब्रिकने ते शोधून काढले नव्हते, नुसते उचलले. त्यांना पुन्हा कोणी गंभीरपणे घेणार नाही असं वाटलं होतं. 2025 च्या मार्चमध्ये युटा राज्याने सार्वजनिक पाण्यात फ्लोराइड घालण्यावर बंदी आणणाऱ्या कायद्यावर सही केली, मे महिन्यात फ्लोरिडाने तेच केलं, आणि केंद्रातले आरोग्यमंत्रीही त्याच मताचे. कारणं अर्थात वेगळी दिली गेली: निवडीचं स्वातंत्र्य, खर्च, प्रकृती. रिपरचं नाव कोणी घेतलं नाही. (यवतमाळ-चंद्रपूरच्या काही गावांत बोअरच्या पाण्यात फ्लोराइड निसर्गतःच नको तेवढं आहे, दात पिवळे पडतात, हाडं वाकतात. तिथे कोणाला मॉस्कोचा हात शोधावासा वाटला नाही, नळ हवा होता.)

मग मॅन्ड्रेकचा फोन. त्याला संकेत उमगतो, अध्यक्षांना कळवायचं असतं, पण तळावरचा फोन तुटलेला, सार्वजनिक फोनला चिल्लर कमी. शेवटी कोका-कोलाचं यंत्र फोडून नाणी काढावी लागतात, आणि फोडणारा कर्नल बजावतो की कंपनीला जाब तुम्हीच द्यायचा. आता 13 जानेवारी 2018 चं हवाई. सकाळी आठ वाजून गेल्यावर राज्यातल्या लाखो मोबाईलवर संदेश: क्षेपणास्त्र येत आहे, हा सराव नाही. लोकांनी पोरांना गटारांत उतरवलं, आंघोळीच्या टबांत झोपवलं. संदेश चुकीचा होता. तो चुकीचा आहे असा दुसरा संदेश मोबाईलवर यायला 38 मिनिटं लागली. राज्यपालांना खरं काय ते आधीच कळलं होतं, मग ट्विटरवर तरी लगेच का नाही लिहिलं? त्यांनी पुढे पत्रकारांना प्रांजळपणे सांगितलं की त्यांना आपल्या खात्याचा पासवर्ड आठवत नव्हता. टेरी सदर्नने हे लिहिलं असतं तर कुब्रिकने म्हटलं असतं, जरा जास्तच होतंय.

वॉर रूममध्ये रशियन राजदूताला आत घेतात तेव्हा टर्जिडसन कासावीस होतो: तो सगळं बघेल, तो मोठा फळाही बघेल! मार्च 2025 मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा सल्लागारांनी येमेनवरच्या हल्ल्याची चर्चा करायला मोबाईलवर ग्रुप काढला आणि त्यात 'द अटलांटिक' मासिकाच्या संपादकाला चुकून घेतलं. संरक्षणमंत्र्यांनी हल्ल्याच्या वेळा त्यावर टाकल्या. हल्ला झाल्यावर सल्लागारांनी मूठ, झेंडा आणि आग यांची चित्रं पाठवली. आपल्या कुटुंबाच्या ग्रुपवर नको त्या मावशीला नको तो संदेश गेल्याचा अनुभव घराघरांत आहे. पण त्यात एफ-18 विमानं नसतात.

भारतीय प्रेक्षकाला इतकं लांब जायचीही गरज नाही. मे 2025 मध्ये चार दिवस आपल्या वृत्तवाहिन्यांनी जी युद्धं जिंकली ती लष्करालाही ठाऊक नव्हती. कराची बंदर बेचिराख झालं, इस्लामाबाद ताब्यात आलं, असं सांगून झालं. पुढे त्यातलं काही खरं नसल्याचं निष्पन्न झालं. स्टुडिओत हवाई हल्ल्याचे भोंगे इतके वाजले की नागरी संरक्षण संचालनालयाला वाहिन्यांना कळवावं लागलं: कार्यक्रमात भोंगे वाजवू नका, उद्या खरा भोंगा वाजला तर लोक उठायचे नाहीत. त्याआधी 2019 मध्ये एका तेलुगू वाहिनीवरचा निवेदक लष्करी गणवेश चढवून, हातात खेळण्यातली बंदूक घेऊन बसला होता. स्लिम पिकन्सला आपण विनोदी काम करतोय हे निदान कोणी मुद्दाम लपवून ठेवलं होतं.

म्हणून 'जुना' हा शब्द या चित्रपटाबाबत जपून वापरावा. आज अमेरिकी हवाई दलात 76 बी-52 उडत आहेत, त्यांतलं शेवटचं ऑक्टोबर 1962 मध्ये कारखान्यातून बाहेर पडलं, म्हणजे सगळीच्या सगळी चित्रपटाहून वडील. ती आणखी पंचवीसेक वर्षं चालवायचा बेत आहे. ज्या आपसूक प्रतिहल्ल्याच्या यंत्रावर 1964 चे प्रेक्षक हसले, त्याच्या जवळपास जाणारी 'पेरिमीटर' नावाची व्यवस्था सोव्हिएत संघाने 1985 मध्ये खरोखर सुरू केली. आणि गुप्त ठेवली. अणुशास्त्रज्ञांच्या नियतकालिकाचं जे प्रलयाचं घड्याळ आहे, ते चित्रपट आला तेव्हा मध्यरात्रीला 12 मिनिटं कमी दाखवत होतं. जानेवारी 2025 मध्ये 89 सेकंद.

चित्रपटाच्या सुरुवातीला एक पाटी येते: यात दाखवलेलं घडू नये यासाठी आमची व्यवस्था चोख आहे, असं अमेरिकी हवाई दलाचं म्हणणं. डॅनियल एल्सबर्ग तेव्हा अण्वस्त्र धोरणावरच काम करत होते. चित्रपट पाहून बाहेर पडताना आपण माहितीपट पाहिला असं त्यांना वाटलं, आणि 2017 च्या पुस्तकात त्यांनी लिहिलं की अध्यक्षांशिवाय अण्वस्त्रं वापरण्याचे अधिकार खाली काही सेनापतींकडे खरोखरच दिलेले होते. ऑक्टोबर 2025 मध्ये नेटफ्लिक्सवर कॅथरिन बिगेलोचा 'अ हाउस ऑफ डायनामाइट' आला, त्यात अमेरिकेची क्षेपणास्त्ररोधक यंत्रणा चुकते. पेंटागॉनमधून लगेच टिपण निघालं: चाचण्यांत आमचा नेम दशकभर शंभर टक्के आहे. एकसष्ट वर्षांत पाटी तेवढी बदलली.

बिगेलोचा चित्रपट चांगला आहे, घाम फोडतो, पण पाहून झाल्यावर माणूस गप्प झोपायला जातो. कुब्रिकचा पाहिल्यावर घरात वाद होतो. टीव्हीसाठी हेच अधिक योग्य, असं ठामपणे म्हणायला हरकत नाही. 2024 मध्ये लंडनच्या रंगभूमीवर स्टीव्ह कूगनने सेलर्सच्या तीन भूमिका केल्या, वर काँगही केला. लोकांनी तिकिटं काढून पाहिलं. नवा विनोद फारसा घालावा लागला नव्हता.

ओटीटीवर हा चित्रपट विशेष शोभतो, कारण मागे जाता येतं. त्याचा पहिला खास खेळ 22 नोव्हेंबर 1963 ला ठरला होता. त्या दिवशी डलासमध्ये केनेडींची हत्या झाली. काँगच्या एका वाक्यात डलासमध्ये मौजेने घालवायच्या सुट्टीचा उल्लेख होता, तिथे आवाज बदलून 'व्हेगास' केलं. ओठ मात्र अजून डलासच म्हणतात. थांबवून, मागे घेऊन पाहावं. पहिली पंधरा-वीस मिनिटं विमानातल्या बटणांत आणि संकेतांत जातात, तेवढी सोसावी. सबटायटल्स लावावीत.

आणि एक विनंती मराठी वाहिन्यांना. दक्षिणेतले हाणामारीचे चित्रपट तुम्ही मराठीत आणता, तसा हाही एकदा आणा. काँगला झणझणीत वऱ्हाडी द्या, मॅन्ड्रेकला सदाशिव पेठेतलं तोलूनमापून मराठी, मफ्लींना निवृत्त मुख्याध्यापकाचं. जाहिराती सगळ्या आधी दाखवून घ्या. शेवटी एकामागून एक स्फोट होत असताना वेरा लिनचं गोड गाणं वाजतं, तेव्हा कृपा करून पडदा अर्धा करून उद्याच्या मालिकेची झलक दाखवू नका.